नदीवाचून वल्हवणे

गुडघ्यांच्या तक्रारीमुळे धावणे बंद झाले आणि रक्तातील साखरेमुळे नुसते बसून राहणेही परवडेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी रोइंग मशीनचा पर्याय सुचवला. बसून करायचा व्यायाम असल्याने गुडघ्यांवर शरीराचा भार आदळत नाही आणि तरीही पाय, पाठ, दंड सगळे कामाला लागतात. प्रश्न उरला तो एवढाच : यंत्र विकत घ्यावे, की घराजवळच्या जिममध्ये जाऊन वापरावे?

वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न. यंत्राचा मला सांगितलेला भाव एक लाख वीस हजार, जिमचे महिन्याला दीड हजार. म्हणजे ८० महिन्यांनी, सहा वर्षे आठ महिन्यांनी, यंत्राची किंमत वसूल होणार. शिवाय त्याची लांबी आठ फूट. आमच्या घरात एवढी सलग जागा आहे ती पुस्तकांच्या कपाटासमोर. दोन भाग सुटे करून ते उभे ठेवता येते, हे मी सांगितले, तेव्हा पत्नी काही बोलली नाही. तिने फक्त कपाटाकडे पाहिले. त्यात ‘पुढे केव्हातरी वाचू’ म्हणून विकत घेतलेल्या पुस्तकांचे दोन कप्पे आहेत.

तरीही माझा कल खरेदीकडेच होता. वेळ वाचेल, असे मी सर्वांना सांगत होतो. खरे कारण वेगळे होते : त्या जिममध्ये आमच्या महाविद्यालयातील मुले येतात. वर्गात ज्यांच्यासमोर मी वीस वर्षे अधिकारवाणीने बोलत आलो, त्यांच्यासमोर अर्ध्या चड्डीत धापा टाकायची माझी तयारी नव्हती. आपल्याकडे व्यायामाच्या दोन परंपरा आहेत. एक घरात, एकट्याने घालायच्या सूर्यनमस्कारांची. दुसरी तालमीची, जिथे वस्ताद सर्वांदेखत चूक दाखवतो आणि पडणाऱ्याला सगळे पाहतात. मी स्वभावाने पहिल्या परंपरेतला. लाजेला मी सोयीचे नाव दिले होते, एवढेच.

या यंत्राचा जन्मच मुळी अडचणीतून झालेला. वल्हवणाऱ्यांना हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर सराव करता येत नाही, म्हणून अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी १९८१ साली सायकलचे चाक वापरून आपले पहिले यंत्र बनवले. पुण्याला मुळेच्या काठी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जुना बोट क्लब आहे. पण नदी सर्वांच्या वाट्याला येतेच असे नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावा आला. पाण्याशी नाते जन्माने नव्हे, शिकण्याने जडते, हे त्याच्याकडे पाहून पटते.

निर्णयापूर्वी आठवडाभर जिममध्ये जाऊन पाहावे, असे ठरले. पहिल्या दिवशी मी चाकाजवळचा दांडा थेट दहाच्या आकड्यावर नेला आणि सारा जोर हातांत आणून ओढू लागलो. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या मुलाने संकोचत म्हटले, “सर, तुम्ही हातांनी ओढताय. आधी पाय, मग पाठ, हात शेवटी. परत येताना उलटं; आणि तेव्हा घाई करू नका.” त्याने दांडा चारवर आणला. तो आकडा जोराचा नसून चाकात किती हवा शिरू द्यायची याचा आहे आणि तुम्ही जितक्या जोराने ओढाल तितका विरोध आपोआप वाढतो, हेही त्यानेच समजावले. मुलगा द्वितीय वर्षाचा, माझ्याच वर्गातला.

त्या आठवड्यात मी वर्गात मर्ढेकरांचा लयविचार शिकवत होतो. संवाद, विरोध, समतोल ही तत्त्वे फळ्यावर कितीदा लिहिली असतील! पण जोर आणि विसावा यांचा विरोध सांभाळल्याशिवाय समतोल येत नाही, हे माझ्या शरीराला त्या फिरत्या बैठकीवरच प्रथम कळले. घरी यंत्र घेतले असते, तर ती चूक मी महिनोन्महिने नेमाने घोटली असती, कंबर मोडून घेतली असती आणि दोष यंत्राला दिला असता. एकांतात चुकण्याची सोय असते. चूक समजण्याची नसते.

मी जिमचे सहा महिन्यांचे पैसे भरले. खरेदीचा विचार सोडला आहे असे नाही. हात-पायांना क्रम अंगवळणी पडला, की पुन्हा हिशेब मांडता येईल. तूर्त सकाळी साडेसहाला मी विद्यार्थी असतो आणि साडेदहाला शिक्षक. त्या मुलाची वर्गातील हजेरी मात्र अजूनही कमीच आहे. त्याबद्दल त्याला कोणत्या तोंडाने बोलावे, हे काही मला ठरवता आलेले नाही.