भोरहून आणलेला लेथ

पुण्याची माणसे भोरला जातात ती बहुधा तीन कारणांनी: पावसाळ्यात भाटघरचे भरलेले धरण पाहायला, पंतसचिवांच्या वाड्यात एखाद्या सिनेमाचे चित्रीकरण चालले असेल तर डोकावायला, किंवा वरंधा घाटातून महाडला उतरताना वाटेत चहा घ्यायला. मी गेलो तो जुना लेथ विकत घ्यायला. स्वारगेटला सुटलेल्या एसटीत शेजारच्या गृहस्थांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळले आणि विचारले, "म्हणजे भंगाराचा धंदा का आपला?"

धंदा नाही, छंद आहे. आमच्या मागच्या पडवीत माझी एक छोटी कर्मशाळा आहे. आमच्या सौभाग्यवती तिला 'अडगळ' म्हणतात. कानशी, करवती, हातोडे सारे होते. उणीव होती ती फिरत्या धातूला आकार देणाऱ्या लेथची. विलायतेत अशा हौशी लोकांसाठी मुद्दाम लेथ बनत. नॉटिंगहॅमजवळच्या मायफोर्ड कंपनीने १९४६ साली बाजारात आणलेला छोटा लेथ तिकडच्या कितीतरी घरांमागच्या शेडमध्ये जाऊन बसला. आपल्याकडे लेथ झाले ते कारखान्यांसाठी. हरिहरला १९४१ साली म्हैसूर किर्लोस्कर निघाली, बंगलोरला १९५३ साली एच.एम.टी. सुरू झाली, राजकोट आणि बटाल्याच्या कारागिरांनी हलके, स्वस्त लेथ गावोगावी पोचवले. आता संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि हे जुने लेथ वर्कशॉपांतून बाहेर पडू लागले. त्यांपैकी बहुतेकांची शेवटची गाठ भंगारवाल्याच्या तराजूशी पडते. भोरला असाच एक वर्कशॉप बंद होतो आहे, असे कानावर आले होते.

कात्रजचा बोगदा आणि खेड-शिवापूर मागे टाकून गाडी कापूरहोळला हमरस्ता सोडते. तिथून पुढे भातखाचरे सुरू होतात आणि हवेलाच ओल्या मातीचा वास येतो. भोर हे नीरेकाठचे संस्थानी गाव. पंतसचिवांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. पण गावाची ऐट अजून संस्थानीच आहे. जवळच वेळवंडी नदीवर भाटघरचे दगडी धरण. ते १९२८ साली पुरे झाले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्याला दिले होते. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. पाणी इथे अडते आणि पिके खाली बारामती-फलटणकडे डोलतात. भोर-वेल्ह्याच्या वाट्याला डोंगर, भात आणि पुण्या-मुंबईची नोकरी.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. डोळ्यांना मोतीबिंदू झालेला. मुलगा शिरवळच्या कारखान्यात संगणकी लेथवर काम करतो. "तो बटन दाबतो आणि आत पाहत बसतो," मिस्त्री म्हणाले. बोलण्यात तक्रार नव्हती; थोडे नवल होते.

लेथ साडेचार फुटी. आपल्या बाजारात लेथ बेडच्या लांबीवरून ओळखतात. बटाल्याचा हा लेथ मिस्त्रींनी १९७४ साली पुण्यात जुनाच घेतला होता. म्हणजे मी त्याचा निदान तिसरा मालक. मी खिशातून बॅटरी काढताच मिस्त्री खूश झाले. "रंग बघून घेणारे पुष्कळ येतात, साहेब. जुन्या यंत्राला नवा रंग दिसला की दहा पावलं मागं सरावं."

मग त्यांनीच मला आपले यंत्र तपासायला लावले. लेथचे आयुष्य त्याच्या बेडमध्ये असते. काम नेहमी चकजवळ चालते, म्हणून बेडही तिथेच झिजतो. हत्यार धरणारे कॅरेज चकजवळ आणून जरासे आवळायचे आणि तसेच दुसऱ्या टोकाकडे सरकवायचे. वाटेत ते घट्ट होत गेले तर समजावे की सुरुवातीचा भाग झिजला आहे. इथे शेवटची वीतभर वाट थोडी जड गेली, एवढेच. नंतर चकात जाड सळई धरून ती खालून वर उचलून पाहिली. डायलचा काटा किंचित थरथरला आणि थांबला. म्हणजे बेअरिंगांत जीव होता. आटे पाडायचे बदली गिअर मोजले. डब्यात सारे होते. एक हरवला तरी नवा मिळवताना नाकी नऊ येतात. शेवटी खरी परीक्षा: सळईचा एक बारीक काप घेतला आणि चार इंचांच्या अंतरावर दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजली. फरक तीन शतांश मिलिमीटर. माझ्या पडवीला ही चैनच होती.

भंगारवाल्याने अठरा हजार सांगितले होते, लोखंडाच्या वजनाचे. मी चाळीस म्हणालो. मिस्त्रींनी घासाघीस केली नाही. "फक्त खंडेनवमी होऊ द्या. यंदाची पूजा इथंच करीन, मग न्या." आणि लगेच म्हणाले, "पण एकट्या लेथनं काय होतं? ड्रिल पाहिजे, व्हाइस पाहिजे. विंझरला माझ्या गिऱ्हाइकाची भातगिरणी आहे, तो काढतोय. बघून या."

म्हणून दुसऱ्या दिवशी वेल्ह्याची वाट धरली. कापूरहोळला परत येऊन हमरस्त्याने चेलाडीपर्यंत मागे यायचे, नसरापूरवरून पश्चिमेला वळायचे, आणि मार्गासनी सोडले की डोळ्यांसमोर राजगड उभा राहतो. पुढे वेल्हे, ऐन तोरण्याच्या पायथ्याशी. तोरण्यावर सापडलेल्या धनातून महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला, असे आपण शाळेत वाचलेले असते. या तालुक्याला राजगडाचेच नाव द्यायचे शासनाने २०२४ साली ठरवले. पण एसटीत तिकीट मागताना लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच येते.

गिरणीवाले दादा पन्नाशीचे, भाताच्या तुसाने डोक्यापासून पायापर्यंत माखलेले. ड्रिल चांगले होते. व्हाइसचे जबडे थोडे गुळगुळीत, पण स्क्रू शाबूत. भाव ठरेपर्यंत दादा हसतमुख होते. लेथचे बोलणे निघाले तसे गप्प झाले.

"मिस्त्रींचा लेथ तुम्ही नेताय होय? मग आमी कुटं जायचं?"

मला उत्तर सुचले नाही. दादांनी शांतपणे समजावून सांगितले. भातगिरणीचा शाफ्ट बेअरिंगपाशी झिजतो. तो वेल्डिंगने भरून लेथवर पुन्हा मापात आणावा लागतो. हे नेमके सुगीनंतर होते, तेव्हा दारात पोत्यांची रांग असते. मोठे वर्कशॉप एका शाफ्टसाठी यंत्र थांबवत नाही. "आठवड्यानं या" म्हणते. मिस्त्री रात्री अकराला दिवा लावून काम करून देत. खोऱ्यातल्या किती गिरण्या आणि किती पंप त्या एका लेथवर चालले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नव्हता.

मी सौदा मोडला असता तर लेथ वितळायला गेला असता. खोऱ्याला तो तसाही मिळणार नव्हता. हे खरे होते, पण दादांच्या ओट्यावर बसून ते बोलायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "दादा, शाफ्ट माझ्याकडे पाठवा. मिस्त्रींच्या हाताची सर मला नाही, पण माप चुकू देणार नाही. मजुरी नको."

"मजुरी घ्यावी लागंल," दादा म्हणाले. "फुकटच्या कामाला घाई करता येत न्हाई."

हे ऐकून मिस्त्री मोठ्याने हसले आणि मला दोन दिवस भोरला ठेवून घेतले. भरलेल्या शाफ्टवर पहिला काप कसा घ्यायचा, वेल्डिंगच्या कडक थराखाली हत्याराचे टोक कसे न्यायचे, चक किती आवळायचा, हे त्यांनी माझा हात हातात धरून शिकवले. डोळ्यांना दिसत नव्हते, पण आवाजावरून काप जाड की बारीक ते अचूक सांगत.

खंडेनवमीला बेडवर हळदकुंकू आणि झेंडूची माळ पडली. दसरा झाल्यावर टेम्पो आला. सहा माणसांनी, लाकडी ओंडक्यांवरून सरकवत, ते पाचसहाशे किलोचे धूड चढवले. थ्री-फेजची मोटर काढून घरच्या विजेवर चालणारी बसवली. बेडच्या फटीत अडकलेली झेंडूची पाकळी सौभाग्यवतींनी काढू दिली नाही.

मागच्या आठवड्यात पोत्यात गुंडाळलेला एक शाफ्ट एसटीने स्वारगेटला आला. चिठ्ठीवर बेअरिंगचे माप होते आणि खाली लिहिले होते, "शुक्रवारपर्यंत." गुरुवारी रात्री काम झाले. भोरला फोन लावून शेवटच्या कापाचा आवाज मिस्त्रींना ऐकवला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "पट्टा जरा सैल आहे. बाकी ठीक."