नोशिमाचं पाणी

ओजीसानांचं ऋण माझ्यावर आहे. ते फेडण्याचे प्रयत्न मी केले, पण दर वेळी त्यांनी त्यात भरच घातली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. कारखान्यातली तरुण पोरं त्यांना ओजीसान, म्हणजे आजोबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

जपानच्या शिकोकू बेटावर, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी इमाबारी नावाचं शहर आहे. तिथे जहाजं बांधतात. आमच्या कंपनीची जहाजं तिथे तयार होत होती आणि मालकाच्या वतीने बांधणीवर देखरेख ठेवायचं काम माझ्याकडे होतं. ओजीसान खरं तर निवृत्त झालेले, पण नव्या मुलांना शिकवायला कारखान्याने त्यांना ठेवून घेतलं होतं. त्यांचं काम पत्रा वाकवण्याचं. जहाजाच्या नाळेकडचा पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो. असा वाक नुसत्या यंत्राने नेमका येत नाही. गॅसची ज्योत पत्र्यावरून एका रेषेत ओढायची आणि मागोमाग पाण्याची धार सोडायची. तापलेलं लोखंड फुगू पाहतं, भोवतीचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही, आणि निवताना ते आकसतं ते वाक घेऊनच. ज्योत कुठे ओढायची, किती सावकाश ओढायची, हे त्यांच्या हातात होतं. लाकडी साचा पत्र्यावर ठेवून ते खाली वाकून बघत. फट दिसली की एकच शब्द उच्चारत, ‘अजून.’ मी कॉलेजात धातुशास्त्र शिकलो होतो, पण लोखंड ऐकतं कसं, हे त्यांच्या शेजारी उकिडवं बसून शिकलो. हे पहिलं ऋण.

मी अलिबागजवळच्या थळचा. आमच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं दिसतात. बाबा मासेमारी होडीचे तांडेल होते. मी कोळ्याचा मुलगा आहे हे ओजीसानांना कळलं तेव्हापासून आमच्या बोलण्यातला पत्रा मागे पडला आणि पाणी पुढे आलं. तेही मच्छीमाराच्या घरातले, समोरच्या ओशिमा बेटावरच्या मियाकुबो गावचे.

इमाबारी आणि ओशिमा यांच्यामध्ये कुरुशिमाची सामुद्रधुनी आहे. भरतीओहोटीचा प्रवाह तिथे 10 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 18 किलोमीटर वेगाने धावतो. जगभर जहाजं समोरासमोर आली की उजवी बाजू धरतात. कुरुशिमात मात्र प्रवाहाबरोबर जाणाऱ्या जहाजाने मधल्या वाटेने जायचं आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्याने पश्चिमेच्या. पाणी फिरलं की बाजूही बदलतात. प्रवाहाबरोबर वाहणारं जहाज सुकाणूला नीट दाद देत नाही, म्हणून त्याला सरळ वाट द्यायची, असं ओजीसानांनी मला धक्क्यावर उभं करून समजावलं होतं. पाण्याने माणसाचा कायदा असा बदलायला लावलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

सुट्टीहून परतताना मी त्यांच्यासाठी काजू नेले, तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मिकान संत्र्यांची पेटी. तिकडे भेटीला परतभेट असतेच. मग त्यांच्या घरी जेवायला बोलावणं आलं. ओबासान, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ताइमेशी केली होती. अख्खा ताई मासा तांदळावर ठेवून एकत्र शिजवायचा, काटे काढून भात ढवळायचा. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा त्या माऊलीच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी माझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं. परक्या देशात माणूस पगारावर राहतो, पण टिकतो तो अशा ताटावर.

त्या रात्री मी त्यांना बाबांचा हिशेब सांगितला. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. मुंबई-अलिबागच्या पाण्याला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. ओजीसानांनी लगेच चष्मा लावला. जपानची जुनी पंचांगंही चंद्रावर चालायची आणि मच्छीमारांना चांद्रतिथी अजून लागते. त्यांनी भिंतीवरचं भरतीचं कोष्टक काढून ताडून पाहिलं. त्यांच्या बंदराची सुरुवातीची वेळ आमच्याहून निराळी, पण तेवढा फरक धरला की पुढचं गणित तेच. वहीत त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली ‘इंडियाच्या तांडेलाकडून’ अशी नोंद केली. मी त्यांना दिलेली आणि त्यांनी परतभेट न पाठवता ठेवून घेतलेली एवढी एकच गोष्ट.

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी गावी जाऊन, दिवसकार्य आटोपून परत आलो. ओजीसानांनी काळ्यापांढऱ्या दोरीने बांधलेलं पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि वाकले. शोक असलेल्या घरी द्यायची ती त्यांची रीत. सांत्वनाचं फार काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, ‘रविवारी उधाणाची ओहोटी आहे. तुला किल्ला दाखवतो.’

ओशिमाच्या मियाकुबो गावासमोर नोशिमा नावाचं लहानसं बेट आहे. सबंध फेरी मारली तरी किलोमीटरभर होत नाही. त्याला लागून त्याहून लहान ताइझाकी. चौदाव्या शतकापासून सोळाव्याच्या अखेरीपर्यंत ही दोन्ही बेटं मिळून एक किल्ला होता, मुराकामी घराण्याचा. या घराण्याच्या तीन शाखा होत्या, नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा. सेतो समुद्राच्या मधोमध बेटांची जी दाटी आहे, ती त्यांच्या ताब्यात. इतिहास त्यांना चाचे म्हणतो. पण त्यांचं रोजचं काम वाट दाखवण्याचं आणि त्याचा मोबदला वसूल करण्याचं होतं. आपला वाटाड्या जहाजावर बसवायचा किंवा आपलं निशाण द्यायचं. ते निशाण लावलेल्या जहाजाला कुणी हात लावत नसे. नोशिमाचा सर्वांत नामांकित सरदार मुराकामी ताकेयोशी. त्याने 1581 साली दिलेलं असं एक निशाण आजही जपून ठेवलेलं आहे. मधोमध मुराकामींचं मोठं अक्षर आणि बाजूला त्याची सही.

बेटावर उतरायला ओजीसानांनी गावातल्या संग्रहालयात रीतसर विचारून परवानगी काढली होती. होडी त्यांच्या चुलतभावाची. मियाकुबोच्या धक्क्यावरून बेट हाताच्या अंतरावर दिसत होतं, पण होडी सरळ गेलीच नाही. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं पाणी दोन बेटांमधून दणदणत चाललं होतं. जागोजागी तळातून उकळी यावी तसं पाणी वर फुटत होतं, बाजूला भोवरे फिरत होते आणि मधेच काचेसारखा सपाट पट्टा. चुलतभावाने नाळ बेटाच्या बरीच वर, प्रवाहाच्या दिशेला रोखली आणि इंजिन वाढवलं. होडी तोंड एकीकडे करून दुसरीकडेच सरकत होती. माझा हात नकळत कठड्यावर घट्ट झाला. ओजीसान म्हणाले, ‘हा तट. आता आपण तटातून आत जातोय.’

ते वाक्य ऐकलं नसतं तर मला नोशिमावर काहीच दिसलं नसतं. मी मुरुड-जंजिरा, सिंधुदुर्ग, कुलाबा पाहत वाढलेला. किल्ला म्हटला की माझी नजर बुरूज शोधते, चिऱ्यांचा तट शोधते. इथे चढून गेलं की नुसते सपाट केलेले टप्पे. माथ्यावर एक, त्याला वेढून खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि पाण्याकडे पुढे आलेली टोकं. दगडी बांधकाम नाही, छप्पर नाही, दरवाजा नाही. लाकडाच्या इमारती होत्या, त्या कधीच गेल्या. चेरीची झाडं आहेत. वसंतात त्यांचा बहर पाहायला लोक होड्या करून येतात. आम्ही गेलो तेव्हा फांद्या उघड्या होत्या आणि चारी बाजूंनी पाण्याचा आवाज येत होता. घाटातल्या धबधब्याखाली येतो तसा, न थांबणारा.

पण ओजीसानांना मला वर न्यायची घाई नव्हती. ते मला आधी खाली खडकावर घेऊन गेले. ओहोटी पुरती लागली होती आणि बेटाभोवतीचा खडक उघडा पडला होता. शेवाळावर हात टेकत ते एका भोकाशी बसले. खडकात कोरलेलं गोल भोक, आत पाणी साचलेलं. शेजारी दुसरं, मग तिसरं, मग ओळच. चारशेच्या वर अशी भोकं या बेटांच्या खडकांत आहेत. त्यांत लाकडी खांब रोवायचे. होड्या बांधायला, धक्के उभारायला. ‘हात घाल,’ ते म्हणाले. मी कोपरापर्यंत हात घातला. आतली कड गुळगुळीत झाली होती, पण छिन्नीने काढलेला आकार बोटांना कळत होता. हे काम फक्त ओहोटीत होऊ शकतं. दिवसातले मोजके तास, त्यातही उधाणाचे दिवस, मग पाणी वर येतं आणि पुन्हा थांबायचं. चारशे भोकं! किती माणसं, किती तिथ्या मोजत इथे गुडघ्यावर बसली असतील. त्या क्षणी मला बाबांची फार आठवण झाली आणि मी खडकावर बसून रडलो. ओजीसान उठून थोडे दूर गेले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि मला हवा तेवढा वेळ त्यांनी घेऊ दिला. हेही एक ऋण.

वर आल्यावर त्यांनी टप्प्याटप्प्याने दाखवलं. या शतकात झालेल्या उत्खननांत इथे चिनी पोर्सेलीनचे तुकडे सापडले, साठवणीची भांडी सापडली, लोहारकामाच्या खुणा सापडल्या. म्हणजे ही नुसती टेहळणीची चौकी नव्हती. माणसं इथे राहत होती, जेवत होती, खिळे ठोकत होती. बेटावर गोडं पाणी नाही. ते समोरच्या ओशिमावरून होडीने यायचं. हे ऐकताच मला खांदेरी डोळ्यांपुढे आली. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ल्याचं काम सुरू केलं तेव्हा इंग्रजांची जहाजं आडवी उभी होती, आणि आमच्या किनाऱ्यावरून लहान, उथळ होड्या रात्री खडकांमधून रसद नेत होत्या. मी ते हातवारे करून ओजीसानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘त्या रात्री भरती होती की ओहोटी?’ इतकी वर्षं ही गोष्ट मी ऐकली आणि सांगितली होती, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

नोशिमाचं आणि आपल्या किनाऱ्याचं एक खरं नातं मात्र पोर्तुगिजांमुळे आहे. लुईस फ्रोइस हा जेझुइट पाद्री आधी बरीच वर्षं गोव्यात होता. 1563 साली तो जपानात उतरला. 1586 मध्ये जेझुइटांचं एक जहाज सेतो समुद्रातून जात असताना त्यांनी नोशिमाच्या सरदाराकडे सुरक्षित वाटेसाठी निशाण मागितलं आणि त्यांना रेशमी निशाण मिळालं, असं फ्रोइसने लिहून ठेवलं आहे. ज्या पोर्तुगिजांनी आपल्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर जहाजांना कार्ताझ घ्यायला लावलं, परवाना नसलेली जहाजं धरली, त्यांच्याच माणसांना या किलोमीटरभरसुद्धा नसलेल्या बेटापुढे निशाणासाठी थांबावं लागलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आमच्या अलिबागच्या समुद्रात स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने चालवले, तेव्हा इंग्रजांनी त्यांनाही चाचेच ठरवलं. पाण्यावर हक्क सांगणाऱ्या स्थानिकाची नोंद दोन्हीकडे एकाच रकान्यात झाली, याचं मला वाईट वाटतं.

मुराकामींचा शेवट लढाईत झाला नाही. 1576 साली ओसाकाजवळ किझुगावाच्या मुखाशी त्यांनी मोरी घराण्याच्या आरमारासोबत मातीच्या भांड्यांतली स्फोटकं फेकून, जपान आपल्या हाताखाली आणू पाहणाऱ्या ओदा नोबुनागाची जहाजं जाळली होती. पण 1588 मध्ये नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने फर्मान काढून समुद्रातली चाचेगिरी बंद केली. पथकर, वाटाड्ये, निशाणं, सगळं एका कागदाने संपलं. ताकेयोशीला हा समुद्र सोडावा लागला. 1604 साली तो वारला, तो पश्चिमेकडच्या दुसऱ्याच एका बेटावर. ओजीसान हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात घरातल्या माणसाबद्दल बोलताना येतो तसा जिव्हाळा होता.

परतताना पाणी फिरलं होतं. त्यांनी होडीत मला सुकाणूपाशी बसवलं.

मी आता थळला परतलो आहे. ओजीसान नव्वदीकडे झुकले आहेत. नात त्यांना व्हिडिओ कॉल लावून देते. आधी ते माझ्या आईची तब्येत विचारतात, मग खांदेरीची चौकशी सुरू होते. सुकतीचं पाणी बेटाच्या कोणत्या टोकाला आधी लागतं? होड्या कुठे बांधत असतील? खडकात भोकं आहेत का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाबांनी झोपेतही दिलं असतं. मी ते आता गावातल्या जुन्या तांडेलांकडून गोळा करतो आहे आणि त्यांनी सांगितलेलं तिथीवार वहीत लिहून, दर महिन्याला त्या पानाचा फोटो ओजीसानांना पाठवतो आहे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नासाठी माझ्या चुलतभावाची होडी घेऊन स्वतःच जातो. खडकाचा बराच भाग पाहून झाला आहे. उरलेला फक्त उधाणाच्या ओहोटीत उघडा पडतो, आणि पावसाळ्यात तिकडे होडी लागत नाही. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, की भाद्रपदातल्या अमावास्येला आम्ही पुन्हा निघणार आहोत.