ओल्या रंगाची मुदत

मोटारीच्या रंगाचा इतिहास हा बऱ्याच अंशी वाळण्याचा वेळ कमी करत नेण्याचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घोडागाड्यांच्या कारागिरांचीच पद्धत लागू होती. तेलरंग ब्रशने चढवायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचा, पुन्हा चढवायचा आणि अखेरीस व्हार्निशचे हात द्यायचे, या क्रमात एकेका गाडीचे कित्येक आठवडे जात. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला. तो फवाऱ्याने उडवता येई आणि झटपट सुके, त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले, आणि पुढे भट्टीत तापवून पक्के होणाऱ्या रंगांनी दिवसांचेही तास केले. ब्रिटनमध्ये घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभी असलेली जुनी कॅम्पर व्हॅन रोलरने रंगवणारा मालक या प्रवासाच्या उलट दिशेने जातो. फवारणीची बंदिस्त खोली आणि भट्टी या दोन्ही गोष्टी त्याच्यापाशी नसतात, वेळ मात्र असतो. आणि कारखान्याने टाकून दिलेला हा वेळच त्याच्या कामाचे मुख्य साधन ठरतो.

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय केलेली व्हॅन. या वर्गातील सर्वांत परिचित गाडी म्हणजे फोक्सवॅगनची ‘टाइप २’. तिची कल्पना डच आयातदार बेन पॉन यांनी १९४७ मध्ये एका रेखाटनातून मांडली, तिचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले, आणि १९६७ मध्ये दुभंगलेल्या पुढच्या काचेच्या जागी एकसंध, फुगीर काच असलेली दुसरी पिढी आली, जिला ब्रिटिश शौकीन ‘बे-विंडो’ म्हणतात. या गाड्यांचे पत्रे मोठे आणि बरेचसे सपाट असून छताखालची पन्हळ आणि काचांखालून जाणारी उठावाची रेघ त्यांचे नैसर्गिक भाग पाडते. कारखान्यातून वर पांढरा आणि खाली दुसरा रंग अशी दुरंगी सजावट अनेकदा येत असे, आणि रोलर वापरणाऱ्याला तिचा व्यावहारिक लाभ होतो, कारण रंग जिथे बदलतो तिथे काम थांबवले तरी सांधा दिसत नाही.

फवारणी घरी का करू नये, याचे उत्तर आधुनिक रंगांच्या घटनेत आहे. ‘टू-पॅक’ म्हणजे रंग आणि त्याला कठीण करणारे रसायन ऐनवेळी मिसळून वापरायचा रंग. त्यातील रसायनात आयसोसायनेट हा घटक असतो, त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि म्हणून व्यावसायिक रंगारी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच तो फवारतात. घरी वापरायला सोयीचा ठरतो तो अल्कीड एनॅमल, म्हणजे महाराष्ट्रात दारे, खिडक्या आणि ग्रिल यांना लावल्या जाणाऱ्या ऑइल पेंटच्याच कुळातला रंग. यातला द्रावक उडून गेल्यावर उरलेली राळ हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि तिचे रेणू परस्परांशी जखडले जातात. नायट्रोसेल्युलोज याच्या नेमके उलट वागतो. तो केवळ द्रावक उडाल्याने सुकतो, त्यामुळे त्याच्यावर रोलरने दुसरा हात फिरवला की खालचा थर पुन्हा विरघळून ओढला जातो. एनॅमलचा खालचा थर एकदा पक्का झाला की तसा विरघळत नाही. तो सावकाश वाळतो हा कारखान्याच्या दृष्टीने त्याचा दोष होता, परंतु रोलरच्या खुणा मिटायला जी मुदत लागते, ती याच दोषातून मिळते.

या खुणा मिटण्यामागे निश्चित भौतिकी आहे. रोलर उचलला जातो तेव्हा ओल्या रंगावर बारीक उंचवटे राहतात आणि द्रवाचा पृष्ठताण त्यांना सपाट करू लागतो. एस. ई. ऑर्चर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार या सपाटीकरणाचा वेग थराच्या जाडीच्या घनाबरोबर वाढतो आणि दोन उंचवट्यांमधील अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. अंतर निम्मे केले तर खुणा सोळा पट वेगाने मिटतात, आणि लांब लवेच्या रोलरऐवजी दाट, बारीक छिद्रांच्या फोमचा चार इंची रोलर का निवडला जातो, याचे कारण हेच आहे. थर दुप्पट जाड केला तर वेग आठ पट होतो हे खरे, पण उभ्या पत्र्यावर गुरुत्वाकर्षणही त्याच जाडीचा फायदा घेते आणि रंगाचे ओघळ येतात. कारागिराला या दोन टोकांच्या मधली अरुंद वाट धरावी लागते. म्हणून रंगात थोडे व्हाइट स्पिरिट मिसळून तो सैल केला जातो, थर पातळ ठेवला जातो आणि झाकण्याचे काम एका जाड हाताऐवजी चार-सहा पातळ हातांवर सोपवले जाते.

रंग लावण्यापूर्वीचे काम मात्र रंग लावण्याहून मोठे असते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते, त्यामुळे या गाड्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेची चौकट आणि छताची पन्हळ या ठिकाणी गंजतात. कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. वरवरचा गंज खरवडून उरलेल्यावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले जाते, ते लोहाच्या ऑक्साइडचे स्थिर फॉस्फेट करते. त्यानंतर खड्ड्यांत लांबी भरणे, ती घासणे आणि झिंक फॉस्फेटयुक्त प्रायमरचा अस्तरथर देणे हा क्रम येतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा न घासता पाण्यासह घासणे शहाणपणाचे ठरते. चकाकीमुळे पृष्ठभागातली प्रत्येक उणीव अधिक ठळक होते, त्यामुळे बोटाला जाणवणारा खड्डा शेवटच्या हाताखाली लपेल ही अपेक्षा व्यर्थ असते.

प्रत्यक्ष लावणीत महत्त्वाची असते ती ‘ओली कड’, म्हणजे नुकत्याच रंगवलेल्या पट्ट्याची अजून न सुकलेली किनार. पुढचा पट्टा तिच्यात मिसळला तर दोन्हींचा एकच थर होतो. ती आवळू लागल्यावर रोलर फिरवला तर तिथे कायमचा वळ उठतो. म्हणून सुमारे हातभर रुंदीचे उभे पट्टे घेऊन रंग आधी आडवा-उभा पसरवला जातो, मग जवळजवळ कोरड्या रोलरने किंवा मऊ ब्रशने वजन न देता वरून खाली एकदाच हात फिरवून बुडबुडे फोडले जातात आणि लगेच पुढे सरकले जाते. लावून झालेल्या भागातले केस किंवा माशी काढण्याचा मोह आवरणे हा या कौशल्याचाच भाग आहे, कारण ती जागा पुढच्या घासणीत सहज दुरुस्त होते, पण अर्धवट आवळलेल्या थरावर फिरलेला हात बराच मोठा भाग बिघडवतो.

हवामान हा या कामातला दुसरा भागीदार असतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच आवळतो, थंडीत तो ताठर होतो, आणि संध्याकाळी दव पडले तर चकाकी मंदावून पृष्ठभाग दुधाळ दिसू लागतो. म्हणून इंग्लंडच्या उन्हाळ्यातही सकाळचे दव वाळल्यानंतर सावलीत सुरुवात करून दुपार ढळण्यापूर्वी हात आवरता घेतला जातो. दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जातो आणि मधूनमधून पाण्याच्या पॉलिश पेपरने हलकी घासणी होते. शेवटचा हात मात्र काही आठवडे तसाच ठेवावा लागतो, कारण वरून कोरडा भासणारा एनॅमल आतून मऊच असतो. पुरेसा कठीण झाल्यावर आठशे, बाराशे आणि दोन हजार नंबरच्या कागदांनी उंचवटे उतरवून रबिंग कंपाउंडने चमक परत आणली जाते. रोलरने केवळ रंगाचे द्रव्य पत्र्यावर पोहोचवलेले असते. आरशासारखा सपाटपणा येतो तो या घासणीतूनच.

रंग बदलल्यास ब्रिटनमध्ये तो डीव्हीएलए या वाहन नोंदणी यंत्रणेला कळवावा लागतो, कारण नोंदणीपत्रात रंगाचाही उल्लेख असतो. नोंदणीपत्रावर जे उमटत नाही, ते म्हणजे मालक आणि पृष्ठभाग यांच्यात प्रस्थापित झालेले नवे नाते. भट्टीतल्या रंगावर ओरखडा उठला की पुन्हा व्यावसायिकाकडे जावे लागते, तर रोलरने लावलेल्या एनॅमलची दुरुस्ती त्याच डब्यातून आणि त्याच साधनाने, कोरड्या हवेचा एखादा दिवस पाहून करता येते. जवळून, तिरप्या उजेडात न्याहाळले तर असा रंग कारखान्याच्या रंगाची बरोबरी क्वचितच करतो. तथापि पावसात, मिठात आणि समुद्रकाठच्या वाळूत वापरायच्या गाडीला एकदाच साधलेल्या निर्दोष रंगापेक्षा वारंवार सांभाळता येणारा रंग अधिक उपयोगी असतो, आणि तो सांभाळण्याचे ज्ञान मालकाला पहिल्याच रंगकामात मिळालेले असते.