दोन पिवळे

तुम्ही हे पान बहुधा रात्री, दिवसाचे काम आटोपल्यावर वाचत असाल. क्षणभर मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहा. तिचा रंग सकाळी असाच होता का?

हा प्रश्न मला आईच्या खोलीमुळे पडला. गावाकडच्या घराच्या भिंतींना वडील दर दिवाळीपूर्वी चुन्यात पिवडी कालवून हात देत. ते गेल्यावर आई शहरात माझ्याकडे आली आणि तिच्या खोलीला तोच पिवळा हवा, असे म्हणाली. मी दोन छटांचे नमुने आणले. एक किंचित तांबड्याकडे झुकणारी, दुसरी लिंबाकडे. रात्री दिव्याखाली मला त्या सारख्याच वाटल्या. सकाळी आई म्हणाली, "यांत पुष्कळ फरक आहे." तिच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, दुसऱ्याची व्हायची होती. तिच्या नजरेवर मी विश्वास ठेवला नाही.

रंगाऱ्याने दोन्ही छटांचे हातभर पट्टे भिंतीवर ओढले आणि ते वाळेपर्यंत थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या निळसर उजेडात लिंबाकडची छटा चक्क हिरवट दिसली. तांबड्याकडची उबदारच राहिली. रात्री पिवळ्या दिव्याखाली दोघी पुन्हा जुळ्या बहिणी झाल्या. माझी चूक रंगाची नव्हती, वेळेची होती.

आईने मात्र आणखी एक परीक्षा घेतली. तिने एकदा एक डोळा झाकला, एकदा दुसरा. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि प्रकाशातला निळा अंश अडतो. त्यामुळे जुन्या डोळ्याला दोन्ही पट्टे एकच भासत होते. "दुसराही डोळा आता असाच होणार," ती म्हणाली, "तेव्हा नव्याचेच ऐकू." तिने तांबड्याकडची छटा निवडली.

"हाच का तो बाबांचा पिवळा?" मी विचारले.

"नाही रे. पण त्याच्या शेजारचा आहे."

भाषेचा अभ्यास करताना मला ते दोन पट्टे आठवतात. 'पिवळट' म्हटले की आजारी चेहरा डोळ्यांपुढे येतो, 'हळदुवा' म्हटले की लग्नघर, 'सोनसळी' म्हटले की कापणीला आलेले शेत. तुम्हांलाही दोन शब्द सारखे वाटतील तेव्हा ते एकाच दिव्याखाली पाहून निकाल देऊ नका. त्यांना सकाळच्या उजेडातही एकदा पाहा. आणि ज्यांच्या नजरेवर आपला विश्वास नसतो, त्यांनाही विचारा.