देवगाव रंगारीहून आंग्रिया बँकेकडे

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीचा मुलूख कापसाचा व मक्याचा. येथे पाणी म्हटले म्हणजे विहीर, नाला, किंवा फार तर पैठणचा नाथसागर डोळ्यांपुढे येतो. अशा गावच्या मंडळींनी खोल समुद्रात जाऊन मोठे मासे गळाला लावण्याचा बेत करावा, ह्याचे घरात नवल वाटणे साहजिकच होते. समुद्रपर्यटन कलिवर्ज्य मानण्याचा काळ केव्हाच सरला. परंतु आजींची हरकत निराळी होती. "कोळी पोटासाठी मासे धरतो, ते समजते. तुम्ही खाणार नाही, विकणार नाही. मग त्या मुक्या जिवाला ओढायचे कशाला?" ह्या प्रश्नाला घरी उत्तर मिळेना. तो बरोबर घेऊनच आम्ही निघालो.

हा छंद केवळ विलायती आहे असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, दोरी व गळ ह्यांचा विचार त्यात केलेला आढळतो. अमेरिकेत सांता कॅटालिना बेटावर 1898 साली 'ट्यूना क्लब' निघाला. त्याचे संस्थापक चार्ल्स होल्डर ह्यांनी त्याच वर्षी 183 पौंडांचा ट्यूना गळाने धरला होता. आज सॅन डिएगो बंदरातून ह्याच हौसेसाठी आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांच्या सफरी निघतात. आमची सफर अवघी दोन रात्रींची.

पुणे, कोल्हापूर व गगनबावडा करून करूळ घाटाने आम्ही कोकणात उतरलो आणि तळेऱ्यावरून विजयदुर्गास पोहोचलो. 1756 साली पेशवे व इंग्रज ह्यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांपासून हा किल्ला घेतला व आंग्र्यांचे आरमार येथेच जळाले. तटाखाली उभे राहिले असता ती गोष्ट मनाला लागल्याखेरीज राहत नाही. ज्यांच्या घराण्याचे हे आरमार, त्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव किनाऱ्यापासून सुमारे 105 किलोमीटरवरील एका बुडालेल्या पठारास आहे. तीच आंग्रिया बँक.

रात्री दहाला निघालेली नौका उजाडता उजाडता तेथे पोहोचली. चहूंकडे पाणीच पाणी. खाली पठार आहे ह्याची वर काहीही खूण नाही. सुमारे 40 किलोमीटर लांब व 15 किलोमीटर रुंद अशा ह्या पठाराचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागापासून अवघ्या 20 मीटरांवर असून त्यावर पोवळ्यांची वस्ती आहे. खोल प्रवाह अशा चढावास थडकले की तळचे सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांवर लहान मासे, व लहानांमागे मोठे. आमचे गाबीत तांडेल म्हणाले, "इथला मासा भाग्याने दिसतो. वडिलांच्या वेळी तो दिसायचाच."

नौका संथ चालवून मागे गळ सोडले होते. नऊच्या सुमारास रिळाचा कर्र आवाज झाला आणि आमच्या पुतण्याच्या हातची काठी कमानीसारखी वाकली. चाळीस मिनिटे ओढाताण चालली. शेवटी निळ्या पाठीचा, पिवळ्या परांचा कुपा, म्हणजेच ट्यूना, नौकेच्या कडेस आला. अंदाजे तीस किलोंचा असावा. ह्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याहून ऊन असते. आणि तो सतत पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहून त्याचा श्वास चालतो. म्हणून तांडेलांनी त्यास वर घेऊ दिले नाही. गळ आत वळलेल्या टोकाचा होता. असा गळ सहसा घशात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तो चटकन निघाला. मग नौका हळू पुढे नेत माशाचे तोंड पाण्याच्या रोखाने धरले. शेपटीचा एक फटकारा बसला, आणि तो गेला.

सुटलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. दमछाक फार झाली तर तो पुढे मरतो. म्हणून 'सोडून दिला' म्हणजे हिशेब चुकता झाला, असे आम्हास वाटत नाही. तिसरा मासा सोडल्यावर, दुपार बरीच शिल्लक असता, सर्वांच्या विचाराने आम्ही गळ गुंडाळले. आजींच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच, की हा विनोद करावयाचाच तर त्यास आधी मर्यादा घालावी; आणि ज्यास ती घालवत नाही त्याने किनाऱ्यावरूनच समुद्र पाहावा.

ज्या वाचकांस जावयाचे असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे. 1 जून ते 31 जुलै यंत्रनौकांच्या मासेमारीस बंदी असते, व पावसाळ्यात समुद्रही खवळलेला असतो. तांडेल अनुभवी पाहावा, तरंगजाकीट अंगावेगळे करू नये, आणि पोट हलके ठेवावे. मासा न लागला तरी पहाटेचा तो अथांग समुद्र पाहून प्रवासाचे चीज झाले असेच वाटेल.