आंबोलीचा धबधबा : पावसाचे माहेरघर

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारी गाडी घाट चढू लागली, की हवा बदलते. कोकणचा उकाडा मागे राहतो, काचांवर धुके दाटते आणि एका वळणावर पाण्याचा घनगंभीर आवाज कानी पडतो. हाच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचा धबधबा.

गिरसप्प्याच्या प्रपातासारखे भव्य रूप त्याला नाही. पण गिरसप्पा दुरून पाहायचा, तर आंबोलीचे पाणी अगदी रस्त्यालगत काळ्या कातळावरून कोसळते. बाजूला पायऱ्या असल्याने आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारेच तुषारांचा आनंद लुटतात. भिजून झाले, की टपरीवरचा वाफाळता चहा आणि गरमागरम कांदाभजी!

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग येथे सह्याद्रीला अडतात आणि वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटातून कोसळणारे पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राकडे जाते. गावाजवळच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते आणि घटप्रभा व कृष्णेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला मिळते.

हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आहे. तेथील कुंडातल्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये हा परिसर जैवविविधता वारसास्थळ ठरला. आंबोलीच्या नावाने ओळखला जाणारा अंगठ्याएवढा भेकही असाच दुर्मीळ. सड्यावरच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचले, की तो त्यात अंडी घालतो. नेमक्या त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि रस्ता ओलांडणारे हे जीव चाकांखाली सापडतात. ज्या पावसासाठी आपण येथे येतो, त्याच पावसावर त्यांचा वंश अवलंबून आहे. तेव्हा घाटात, विशेषतः रात्री, गाडी हळू चालवावी. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत न्याव्यात.

कसे जाल? कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड स्थानकावर उतरावे. सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर आहे. जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम. शनिवार-रविवारची गर्दी टाळलेली बरी. शेवाळलेल्या कातळावर पाय घसरतो, म्हणून मुलांचा हात सोडू नये. पाण्याचा जोर वाढला, तर पायथ्यावरूनच पाहावे. तुषार तेथेही अंगावर येतातच!