शेवट बदलू नकोस

रत्नागिरी,
२६ नोव्हेंबर

चि. बायो,


तू विचारलंस एवढंच की तुझ्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग मांडवीच्या जेटीवर घ्यावा की भाट्याला सुरूच्या बनात. त्याचं उत्तर पुढे देते. पण त्याच मेसेजच्या शेपटाला जे लिहिलंस, की शेवट बदललाय, आता बेकरीतली मुलगी लग्न करून निघून जाते आणि पोस्टातली स्टेशनवर उभी राहते, ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

अगं, काय सुंदर होता तो पहिला खर्डा! दिवाळीचा फराळ घेऊन ताट गडग्यापलीकडे जातं, रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून पलीकडून काहीतरी येतं, मग इकडून पुन्हा काहीतरी, आणि नाताळपर्यंत ते ताट दोन घरांत येरझाऱ्या घालत राहतं. दोघींनाही ठाऊक, की ताटाचं निमित्त आहे. नेवऱ्यांखालची चिठ्ठी आईच्या हाती लागते आणि ती चष्मा शोधत बसते, तिथे मी घरात एकटी असून मोठ्यानं हसले. तुझ्या आजीच्या पितळी ताटाची गोष्ट तू अशी वापरशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि हे सगळं पुसायचं कारण काय, तर कार्यशाळेतले कोणी गृहस्थ म्हणाले, यात वजन नाही.

वजन! हा शब्द मी नाटकांच्या तालमींत आयुष्यभर ऐकला. स्पर्धेला नाटक न्यायचं म्हटलं की तिसऱ्या अंकात कोणीतरी मेलंच पाहिजे. आणि बाईवर प्रेम करणारी बाई असेल तर तिचं मरण आधीच ठरलेलं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. विनय आपट्यांनी बसवलेलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा. मी आणि माई, आम्ही दोघी बहिणींनी ते मुंबईला एकत्र पाहिलं. परतीच्या एस.टी.त माई काय म्हणाली होती ते तुला माहीतच आहे, ते मी इथे लिहीत नाही. नाटक मोठंच होतं. त्या काळात तसं लिहायला छाती लागत होती, पण अखेर मित्राला जीव द्यावा लागतो. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. त्यात आश्रमातल्या दोघींचं प्रेम येतं ते संस्थेपुढची अडचण म्हणून. 'फायर'मधल्या दोघी निदान जगल्या आणि एकमेकींना भेटल्या, तर डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरांच्या काचा फुटल्या. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि एकही काट न लागता परत आला, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात आहे.

रवी जाधवांनी 'मित्रा' हा लघुपट केला, वीणा जामकरला घेऊन, त्याच तेंडुलकरांच्या गोष्टीवर. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मला तो आवडतो, मी तुला दोनदा पाठवला होता. पण बघ, मराठीत अशा मुलीवर लघुपट करायचा तर तीच गोष्ट पुन्हा हातात घ्यावी लागली. दुसरी गोष्टच नव्हती आपल्याकडे. तुझ्याकडे होती, आणि तू ती खोडतेस.

तुला वाटतं की नाताळ, केक, दिवे, दोन मुली आणि गोड शेवट हे सगळं परदेशातून आलेलं, हलकं. मग त्याचा उगम ऐक. पॅट्रिशिया हायस्मिथ १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानात खेळण्यांच्या विभागात काम करत होती. नाताळच्या गर्दीत फरचा कोट घातलेली एक बाई मुलीसाठी बाहुली घ्यायला आली, आणि त्यातून तिला कादंबरी सुचली, 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. १९५२ साली ती छापली ती क्लेअर मॉर्गन या खोट्या नावानं. स्वतःचं नाव तिनं १९९० मध्ये लावलं. त्या काळी अशा कादंबऱ्यांतल्या माणसांना नस कापून, बुडून किंवा मुकाट लग्न करून किंमत मोजावी लागे. हिनं दोघींना जिवंत ठेवलं आणि भेटवलं. तेवढ्यासाठी अनोळखी वाचकांची पत्रं तिला वर्षानुवर्षं येत राहिली. 'कॅरल' हा चित्रपट त्याच कादंबरीवरचा, आपण दोघींनी पाहिलेला. त्या पत्रांचं वजन तुझ्या गृहस्थांनी कुठल्या तराजूत घातलं असतं?

आपल्याकडेही दार किलकिलं झालंय. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालं. दोन पुरुषांची गोष्ट, गावातली, वडिलांच्या सुतकातली, आणि तरीही किती हळुवार. मग दोन बायकांनी रत्नागिरीत हसायला काय हरकत आहे?

आणि रत्नागिरी हे सगळं पेलणार नाही, हे तू म्हणूच नकोस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या थोरल्या मुलीनं आपल्याच दरवानावर, एका विवाहित सावंतावर, जीव जडवला. त्यांची मुलगी टुटू २००० सालापर्यंत याच गावात राहिली, मराठी बोलत. गावानं तिला आपलं म्हटलं. फक्त गोष्ट सांगताना आपण अजून हळहळतो, "बिचारी राजकन्या". टुटूच्या घरात कधी कोणी हसलं असेल, हे कोणाच्या मनातच येत नाही. या हळहळण्याचा मला वीट आलाय. नमनात मिशीवाला बाप्या लुगडं नेसून गवळण होतो आणि अख्खी वाडी पहाटेपर्यंत बसते. हसत हसत लोक किती गोष्टी आत येऊ देतात हे तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून पाहिलंयस.

आता तुझा प्रश्न. भाट्यालाच घे. मांडवीला सुट्टीत भेळेच्या गाड्या आणि गर्दी, तुझे संवाद कोणाला ऐकू येणार नाहीत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा चारलाच तिथे पोचा. खाडीवरून वारा येतो, माइकचं बघा. बेकरीतल्या मुलीच्या घरी फक्त केक दाखवू नकोस. नेवऱ्या हव्यात, कुलकुल हवेत, आणि दोदोल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ घेऊन तो घोटायला खूप वेळ लागतो, हात भरून येतात, म्हणजे एक दमली की दुसरीनं कालथा हातात घेतला पाहिजे. तुला हवा तो जवळिकीचा प्रसंग आयता तिथे आहे. आंब्याला तेव्हा मोहोर असेल, पण बागेत चित्रीकरण करायचं तर आधी फवारणी कधी आहे ते विचार, नाहीतर सगळी खोकत बसाल.

हे सगळं लिहिते आहे, पण मनात दुसरंच चाललंय. तो शेवट तू गृहस्थांच्या सांगण्यावरून बदललास की तुझ्याच आत काही बदललंय? तुमचं दोघींचं ठीक आहे ना? दसऱ्याला आलीस तेव्हा तिचं नाव एकदाही काढलं नाहीस. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा तू मला रडत फोन केला होतास, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काला नकार मिळाला तेव्हा फोनच केला नाहीस. मी त्या दिवशी वाट पाहत होते. कायद्यात लग्न नाही, मग उद्या कोणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर सहीचा हक्क कोणाचा? ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं स्पष्ट केलंय की तुम्हाला बँकेत जोडखातं काढता येतं आणि एकमेकींना नॉमिनी करता येतं. केलंत का ते? की अजून घरभाड्याची पावती एकीच्याच नावावर? पुण्याचा तो मालक मला पहिल्यापासून पटलेला नाही.

आणि माई. ती दर फोनला विचारते, बायोबरोबर राहते ती मुलगी कोण, तिच्या घरी कोण कोण असतं. मी विषय बदलते, पण ती माझी बहीण आहे, विषय बदललेला तिला कळतो. डिसेंबरात तुम्ही दोघी महिनाभर माझ्याकडे उतरणार म्हटल्यावर तिला खेडहून यायला किती वेळ लागतो? चित्रपट पडद्यावर पाहून तिला कळता कामा नये. तू सांग, मी शेजारी बसेन, तिनं मला बोललं तरी चालेल. श्रेयनामावलीत तुझ्या जोडीदारणीचं पूर्ण नाव घालणार आहेस असं तू मागे म्हणाली होतीस. तिच्या घरच्यांना हे माहीत आहे का? तिच्या ऑफिसात? तिला स्वतःला विचारलंस का? आधी तिला विचार, आणि ती काय म्हणाली ते मला कळव. रात्रीचे कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझी,
मावशी